रिदम गेम टॅब्लेटवर आणताना काय जपावे, काय सोडावे

कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर, एकेकाळी गाजलेले रिदम गेम, म्हणजे गाण्याच्या ठोक्यावर हात-पाय चालवायचे खेळ, टॅब्लेटवर आणावेत का, आणि आणायचे तर कसे, हा प्रश्न वरकरणी गेम तयार करणाऱ्या कंपन्यांच्या जमाखर्चाचा वाटतो. गोव्यातून पाहिले तर तो तेवढ्यावर थांबत नाही. 1996 मध्ये जपानात प्लेस्टेशनवर ‘पारापा द रॅपर’ आला, 1998 मध्ये आर्केडमध्ये (पैसे टाकून खेळायच्या यंत्रांच्या दालनात) ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’च्या बाणांवर मुले पाय आपटू लागली, 2001 मध्ये ‘ताइको नो तात्सुजिन’ने खेळणाऱ्याच्या हातात ढोलाच्या काठ्या दिल्या आणि 2005 मध्ये ‘गिटार हिरो’ने त्याच्या गळ्यात प्लॅस्टिकची गिटार अडकवली. यातले फार थोडे आपल्या घरांत पोहोचले. कन्सोल महाग, सोबतचे वाद्य त्याहून दुर्मीळ, आणि ते बिघडले तर दुरुस्त करणारा म्हापशात काय, मुंबईतही शोधावा लागे. डिचोली, फोंडा किंवा काणकोणच्या ज्या मुलाला यापुढे हा खेळ भेटेल, त्याला तो बहुधा टॅब्लेटच्या काचेवरच भेटेल. आपण ज्याला नवी आवृत्ती म्हणू, तोच त्याच्या लेखी मूळ खेळ असेल, आणि तो वाईट निघाला तर ‘पूर्वी हा चांगला होता’ असे म्हणण्याचीही सोय त्याला नसेल.

माझे मत असे की हे खेळ टॅब्लेटवर जरूर यावेत, पण त्यांची बटणे काचेवर रंगवून ते येऊ नयेत. त्यांत जपण्यासारखी गोष्ट मुळात एकच आहे : कानाने ऐकलेला ठोका आणि हाताने दिलेला ठोका यांच्यातले वेळेचे नाते. ते शाबूत ठेवण्यासाठी बाकीचे सगळे बदलावे लागले तर खुशाल बदलावे, आणि असा खेळ एकदा पैसे घेऊन विकला की तो घेणाऱ्याच्या हातून पुन्हा काढून घेऊ नये. यातले पहिले म्हणणे कारागिरीचे आहे आणि दुसरे न्यायाचे. पण पहिल्याकडे दुर्लक्ष करणाऱ्या कंपन्या सहसा दुसऱ्याकडेही करतात, म्हणून दोन्ही एकत्र मांडतो.

‘गिटार हिरो’चे उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण काचेवर नेताना नेमके काय गळते ते त्यात सर्वांत स्पष्ट दिसते. त्या प्लॅस्टिकच्या गिटारीवर डाव्या हाताखाली पाच रंगीत बटणे होती आणि उजव्या हाताखाली वरखाली हलणारी एक पट्टी. डाव्या हाताने सूर निवडायचा आणि उजव्या हाताने तो वाजवायचा, असे दोन हातांना दोन वेगळे अधिकार होते. निवड आधी, ठोका नंतर. पुढची नोट (पडद्यावर सरकत येणारी, वाजवायच्या सुराची खूण) दिसताच डाव्या हाताची बोटे निवांतपणे जागेवर जाऊन बसत आणि क्षण येताच उजवा हात पट्टी छेडी. या खेळाची सगळी गोडी त्या पूर्वतयारीत आणि मग नेमक्या क्षणी होणाऱ्या सुटकेत होती. टॅब्लेटवर हाच खेळ पाच रंगीत ठिपके काढून आणला की पट्टी नाहीशी होते, निवड आणि ठोका एकाच स्पर्शात कोंबले जातात, आणि जो खेळ दोन हातांच्या संवादाचा होता तो ठिपके दाबण्याचा होऊन बसतो.

ज्याने घुमट हे गोव्याचे मडक्याचे वाद्य वाजताना जवळून पाहिले आहे, त्याला ही हानी जास्त समजावून सांगावी लागणार नाही. घुमट वाजवणाऱ्याचा उजवा हात चामड्यावर बोल काढतो आणि डावा हात मडक्याच्या अरुंद तोंडावर उघडझाप करून हवा कोंडतो नि सोडतो. आवाजाचा खर्ज त्या डाव्या हाताच्या स्वाधीन असतो. कोणी डावा हात काढून घेतला आणि नुसत्या उजव्या हाताने आरती वाजवायला सांगितली, तर बोल मोजून तेवढेच वाजतील, पण चवथीच्या रात्री मंडपात बसलेला कोणीही त्याला घुमटवादन म्हणणार नाही.

काचेची आणखी एक अडचण आहे, तिच्याविषयी कमी बोलले जाते. बटणावर बोट टेकवून ठेवता येते. न दाबता ते तिथे विसावते, कडा चाचपते, आपण कुठे आहोत हे डोळ्यांना न विचारता ओळखते. काचेवर मात्र टेकले की वाजले. बोटे सतत हवेत तरंगत ठेवावी लागतात, त्यामुळे मनगट लवकर दुखते, आणि दोन-तीन मिनिटांच्या गाण्यात बोट आपल्या जागेवरून कधी सरकले ते कळतही नाही. ज्या ठिकाणी मारायचे ते ठिकाण मारणाऱ्या बोटानेच झाकले जाते. त्यात आपली हवा. जून ते सप्टेंबर या महिन्यांत काचेवरचे बोट घसरण्याऐवजी चिकटते, आणि ओलसर काच कधी कधी नसलेला स्पर्शही नोंदवते. स्वस्त टॅब्लेट एका वेळी मोजकीच बोटे ओळखतात. महागड्या आयपॅडवर उलटा ताप असतो : चार-पाच बोटे एकदम पडली की यंत्राला तो ‘खेळातून बाहेर पडा’ असा इशारा वाटतो, आणि ऐन बहरात आलेल्या गाण्यातून मूल एकदम होम स्क्रीनवर येऊन पडते. मुरलेले खेळाडू ती सोय सेटिंगमधून आधीच बंद करून ठेवतात. नव्याला हे कोण सांगणार?

म्हणून काचेसाठी खेळ नव्याने रचावा लागतो, आणि ते शक्य आहे याची उदाहरणे जुन्या खेळांतच आहेत. निंटेंडो डीएस या हातातल्या कन्सोलवर 2005 मध्ये आलेला ‘ओएंदान’ आणि 2006 मधला ‘एलीट बीट एजंट्स’ यांनी खाली सरकणाऱ्या नोटांची पट्टीच सोडून दिली. पडद्यावर कुठेही एक वर्तुळ उमटते, त्याभोवतीचे कडे आक्रसत येते, आणि कडे वर्तुळाला भिडले की तिथेच टेकायचे. कधी मारायचे आणि कुठे मारायचे ही दोन्ही उत्तरे डोळ्याला एकाच जागी मिळतात. कोनामीच्या 2008 च्या ‘जुबीट’ या आर्केड यंत्रात सोळा पारदर्शक बटणे थेट पडद्यावरच बसवलेली होती. तो खेळ 2010 मध्ये, म्हणजे आयपॅड बाजारात आला त्याच वर्षी, आयपॅडवर आणला गेला आणि जणू तिथलाच असल्यासारखा शोभला, कारण मुळातच तो काचेकडे पाहत काचेवर मारण्याचा खेळ होता. जुन्यातले काय सहज नेता येईल आणि कशासाठी घाम गाळावा लागेल, हे या उदाहरणांवरून बरेचसे ठरवता येते.

उलट दिशेचा धडाही घ्यावा. निंटेंडोची ‘रिदम हेवन’ ही मालिका 2006 मध्ये बटणांवर सुरू झाली, 2008 मध्ये डीएसवर आली तेव्हा लेखणीने पडद्यावर टिचकी मारण्याची कल्पना तिने उचलली, आणि 2011 मध्ये वी या कन्सोलवर पुन्हा दोन साध्या बटणांपाशी परतली. टिचकी दिसायला मोहक होती. पण टिचकी सुरू होते एका क्षणी आणि संपते दुसऱ्या, मग ठोका कोणत्या क्षणाचा धरायचा हे खेळणाऱ्याच्या हाताला आणि यंत्राला सारखेच कळेल असा भरवसा राहत नाही. काचेवर जे जे करता येते ते सगळे रिदम गेममध्ये करावेच असे नाही, एवढा संयम पोर्ट करणाऱ्यांना, म्हणजे जुना खेळ नव्या यंत्रावर आणणाऱ्यांना, हवा.

आता वेळेच्या प्रश्नाकडे वळतो, कारण सगळा कस तिथेच लागतो. गेल्या चवथीला गोव्यातल्या साखळी गावी आमच्या घरी भाचा टॅब्लेटवर असाच एक खेळ घेऊन बसला होता. आरतीत कासाळे (मोठे टाळ) वाजवणारा मुलगा, लयीला पक्का. तरी पडद्यावर चुकांच्या फुल्या पडत होत्या आणि तो रडकुंडीला आला होता. “मामा, मी बरोबर मारतो, आणि हा चूक म्हणतो. टॅब बिघडलाय.” टॅब बिघडला नव्हता. आवाज ब्लूटूथ स्पीकरवरून येत होता. तो स्पीकर काढून वायरचा हेडफोन लावला आणि त्याच गाण्यात तोच मुलगा सरसकट बरोबर मारू लागला.

घडत होते ते असे. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एक मात्रा 500 मिलिसेकंदांची आणि तिचा चतुर्थांश 125 मिलिसेकंदांचा. साध्या ब्लूटूथ जोडणीत आवाज 150 ते 200 मिलिसेकंद मागे राहणे मुळीच असामान्य नाही, म्हणजे खेळ ज्या क्षणाची वाट पाहत असतो त्याच्यापेक्षा पाव मात्रेहून जास्त उशिरा कानाला ठोका ऐकू येतो. कानावर विश्वास ठेवणारा खेळाडू हरतो आणि कान बंद करून नुसते डोळ्यांनी खेळणारा जिंकतो. लयीच्या खेळात याहून वाईट शिकवण ती कोणती?

ब्लूटूथ काढले तरी सगळा विलंब जात नाही. काच ठराविक अंतरानेच बोट शोधते. पडदा सेकंदाला 60 चित्रे दाखवत असेल तर प्रत्येक चित्र 16.7 मिलिसेकंद टिकते. आवाज तुकड्यांनी पाठवला जातो आणि सेकंदाला आवाजाचे 48,000 नमुने (48,000 हर्ट्झ) धरले तर 512 नमुन्यांचा एक तुकडा आणखी 10.7 मिलिसेकंद खातो. जुन्या अँड्रॉइडवर ही बेरीज फार मोठी होत असे. गूगलने 2017 मध्ये अँड्रॉइड 8 बरोबर आवाजासाठी नवी, वेगवान वाट दिली, पण ती वापरायची की नाही हे खेळ लिहिणाऱ्याच्या हातात आहे, आणि घाईत केलेल्या पोर्टमध्ये ती बऱ्याचदा वापरलेली नसते.

येथे एक आक्षेप येतो : इतक्या बारीक उशिराची एवढी चर्चा कशाला, माणूस सवय करून घेतो. आक्षेप अर्धा खरा आहे. आवाज हवेतून मीटरभर जायला सुमारे 3 मिलिसेकंद घेतो. देवळाच्या सभामंडपात पखवाजापासून दहा मीटरवर बसलेल्या टाळकऱ्याला ठोका 29 मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, तरी भजन बिघडत नाही. विलंब स्थिर असेल तर हात तो गिळतो. चांगला खेळ सुरुवातीलाच चार ठोके ऐकवून, त्यावर टिचक्या मारायला लावून हा विलंब मोजून घेतो आणि तेवढा फरक स्वतःकडे वळता करतो. यालाच खेळाडू कॅलिब्रेशन म्हणतात. हाताला गिळता येत नाही तो अस्थिर विलंब, जो एका ठोक्याला 30 आणि पुढच्याला 80 असतो. तोच स्वस्त टॅब्लेटवर, मागे दहा ॲप उघडी असताना होतो, आणि त्यावर कॅलिब्रेशनचा उपाय चालत नाही. तिथे खेळ हलका लिहिणे, चकचकीत दृश्यांना कात्री लावणे हाच इलाज. पार्श्वभूमीला नाचणारी पात्रे कमी दिसली म्हणून कोणाचा ठोका चुकत नाही.

याच संदर्भात ‘गिटार हिरो’ची एक जुनी हुशारी पोर्ट करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. त्या खेळात तुम्ही पट्टी छेडल्यावर गिटारीचा सूर नव्याने निर्माण होत नसे. गाण्यातली गिटार आधीपासून चालूच असे, तुम्ही चुकलात की ती बंद केली जाई आणि पुन्हा बरोबर मारलेत की सुरू होई. त्यामुळे हात आणि आवाज यांच्यातला छोटा उशीर कानाला कळतच नसे. ‘ताइको’सारख्या ढोलाच्या खेळात मात्र प्रत्येक काठीचा स्वतंत्र आवाज निघतो, म्हणून तिथे उशीर उघडा पडतो. मग टॅब्लेटवर आणायला ढोल सोपा आणि गिटार अवघड, ही जी सर्वसाधारण समजूत आहे ती निदान आवाजाच्या बाबतीत उलटी ठरते. दिसायला सोपा असलेला खेळ निवडून कंपन्या फसतात त्या येथेच.

आता पैशांविषयी. गोव्यात गेमिंगची सार्वजनिक चर्चा म्हटली की ती मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटींभोवतीच फिरते. रिदम गेम हा विषय त्या चर्चेत कधी येत नाही, आणि येऊ नये असेच कोणालाही वाटेल. पण टॅब्लेट आणि फोनवर गेल्या दशकात जे रिदम गेम सर्वाधिक चालले, त्यांतल्या अनेकांचे पोट नशिबाच्या सोडतीवर भरते. खेळ फुकट; आतली पात्रे आणि पत्ते पैसे भरून काढलेल्या सोडतीतून मिळतात, आणि हाती काय येईल ते आधी कळत नाही. चांगले पत्ते असणाऱ्याचे गुण वाढतात, मग हात तेवढाच चांगला असला तरी. केंद्राने 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. ही सोडत त्या व्याख्येत बसते की नाही हा वकिलांचा विषय आहे, मला तिची हरकत वेगळ्या कारणाने आहे. रिदम गेम हा खेळांतला सर्वांत प्रामाणिक प्रकार. त्यात पत्ते पिसलेले नसतात, फासे नसतात, समोरच्याची चाल नसते. गाणे सर्वांना सारखे आणि ठोका बसला किंवा नाही एवढाच निकाल. त्यात नशीब घुसवले की खेळाचा पायाच जातो. जुना कन्सोलचा खेळ एकदा किंमत देऊन घेतला जाई आणि त्यातले प्रत्येक गाणे हाताने कमवावे लागे. टॅब्लेटवर तो येताना ही पद्धत सोबत आली नाही, तर आलेली वस्तू तो खेळ नाही, त्याचे कपडे घातलेले दुकान आहे.

एकदाची किंमत घेऊन विकला तरी तो टिकेल का, हा पुढचा प्रश्न. ‘रॉक बँड’ 2009 मध्ये आयफोनवर आला. 2012 मध्ये खेळाडूंच्या पडद्यावर सूचना झळकली की 31 मे नंतर हा खेळ चालणार नाही. ती सूचना चुकून गेली, असा खुलासा कंपनीने नंतर केला, पण पैसे भरून घेतलेला खेळ एका सूचनेसरशी बंद होऊ शकतो ही गोष्ट त्या दिवशी सर्वांना कळली. 2015 मध्ये आलेल्या ‘गिटार हिरो लाइव्ह’मध्ये बहुतेक गाणी कंपनीच्या सर्व्हरवरून ऐकवली जात. 1 डिसेंबर 2018 रोजी सर्व्हर बंद झाले आणि शेकडो गाण्यांपैकी डिस्कवरची 42 तेवढी उरली. ‘लव्ह लाइव्ह’चा जपानमधला पहिला लोकप्रिय रिदम गेम दहा वर्षे चालून मार्च 2023 अखेर बंद झाला. सर्व्हरशी काहीही संबंध नसलेले खेळही वाचले नाहीत : 2017 मध्ये ॲपलने आयओएस 11 आणले तेव्हा जुन्या 32 बिटच्या ॲपना दरवाजा बंद झाला, आणि ज्या खेळांच्या निर्मात्यांनी ते नव्याने बांधून दिले नाहीत ते तिथेच संपले. 2005 ची ‘गिटार हिरो’ची डिस्क मात्र, प्लेस्टेशन 2 चालू असेल तर, आजही चालते. नव्या यंत्रावर आणलेला खेळ जुन्यापेक्षा आधी मरतो, ही या क्षेत्रातली विचित्र पण नित्याची गोष्ट आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने 2023 मध्ये दाखवून दिले की तिथे 2010 पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी 87 टक्के आज बाजारात कायदेशीररीत्या मिळत नाहीत.

रिदम गेमची अवस्था इतरांहून बिकट होते ती गाण्यांच्या परवान्यांमुळे. गाणे खेळात वापरण्याची परवानगी बहुधा ठराविक वर्षांसाठी असते; मुदत संपली की खेळ विक्रीतून काढावा लागतो. यात कंपन्यांची बाजू अगदीच खोटी नाही. गाण्याच्या मालकाला त्याचा वाटा मिळालाच पाहिजे, आणि तो नव्याने ठरवण्याचा हक्क त्याला आहे. पण यापुढे विकायचे नाही आणि आधी विकलेलेही चालू द्यायचे नाही, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिलीबद्दल माझी तक्रार नाही. दुसरीबद्दल कायद्याने बोलायला हवे. कॅलिफोर्नियाने 2024 मध्ये कायदा केला की ग्राहकाला फक्त वापरण्याचा परवाना मिळत असेल तर ‘विकत घ्या’ असे मोघम लिहून डिजिटल वस्तू विकता येणार नाही. परवाना आहे हे आधी स्पष्ट सांगावे लागेल. आपल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनांचा उल्लेख आहेच. त्या आधारावर एवढा नियम तरी करता येईल की पैसे देऊन घेतलेला, एकट्याने खेळता येणारा खेळ इंटरनेटशिवाय चालला पाहिजे आणि सर्व्हर बंद करण्यापूर्वी कंपनीने तशी शेवटची आवृत्ती दिली पाहिजे. गावच्या टोकाला, सत्तरी तालुक्याच्या डोंगरात, जिथे दुपारी नेटवर्क येते आणि संध्याकाळी जाते, तिथे हा प्रश्न दहा वर्षांनंतरचा नसून रोज संध्याकाळचा आहे.

या सगळ्यावर माझ्या ओळखीतल्या संगीतशिक्षकांचा आक्षेप मूलगामी असतो. ते म्हणतात, ज्या गोव्यात कला अकादमीच्या भजन स्पर्धेसाठी गावोगावची पथके महिनोन्महिने तालीम करतात, शिगम्याला ढोल-ताशांनी रस्ते हलतात, आणि लयीचा विषय निघाला की खाप्रूमाम पर्वतकरांचे नाव आदराने घेतले जाते, तिथे मुलाच्या हातात तबला द्यायचा सोडून काच कशाला द्यायची? प्रश्न रास्त आहे. हातांवर, पायांवर आणि तोंडाने निरनिराळे ताल एकाच वेळी धरून ते समेवर आणणाऱ्या त्या माणसाची ख्याती ज्या मातीतली, तिथे ‘परफेक्ट’ असे इंग्रजी शब्द चमकवणाऱ्या खेळाचे कौतुक सांगताना जरा संकोच वाटतोच. तरी आक्षेप मला पटत नाही, कारण रिदम गेम वाद्याच्या जागेवर हक्क सांगत नाही. हार्मोनिक्स ही ‘गिटार हिरो’ घडवणारी कंपनी 1995 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातून बाहेर पडलेल्या दोघांनी काढली ती, ज्यांना वाद्य येत नाही त्यांना वाजवण्याच्या आनंदाची चव मिळावी या हेतूने. हा खेळ वादक घडवत नाही; श्रोता घडवतो. गाण्याच्या पोटात शिरून एकच वाद्य कानाने पकडून ठेवणे, पुढच्या ठोक्याची वाट पाहणे, चुकल्यावर न थांबता पुढच्या मात्रेला गाडी पकडणे, या गोष्टी त्यात आपोआप घडतात, आणि आपल्या भजनांना जाणकार श्रोते आज फार आहेत असे कोणीही म्हणणार नाही.

मात्र शिक्षकांच्या आक्षेपात एक धागा आहे जो कंपन्यांनी उचलावा. हे खेळ जवळजवळ सगळे चार-चारच्या मापात रचलेले आहेत, आणि प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर मोठा, ठसठशीत ठोका दाखवणे हे त्यांच्या रचनेतच आहे. सात मात्रांच्या रूपक तालात मात्र समेवर, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, ‘खाली’ (टाळी न देण्याची, जोर नसलेली जागा) असते. ज्या मुलाने रोज तासभर ‘पहिली मात्रा म्हणजे जोर’ हे काचेवर गिरवले, त्याला रूपक आधी चुकीचाच वाटेल. टॅब्लेटवर आणताना मापाची ही चौकट सैल करणे तांत्रिकदृष्ट्या फार कठीण नाही : आवर्तन किती मात्रांचे, विभाग कुठे, टाळी कुठे आणि खाली कुठे, हे गाण्याबरोबरच्या माहितीत लिहिता आले पाहिजे, आणि गाण्यावर नोटा बसवण्याचे साधन खेळाडूंसाठी खुले असले पाहिजे. कन्सोलवर अशी मुभा क्वचितच मिळे. टॅब्लेटवर ती न देण्याला कारण उरत नाही, कारण लिहिणे आणि खेळणे दोन्ही त्याच काचेवर होते.

राज्य सरकारने सायबर एज योजनेखाली शाळकरी मुलांना टॅब्लेट वाटले होते. त्यांचे पुढे काय झाले हे ज्याच्या त्याच्या घरी ठाऊक आहे. यंत्र आधी आणि त्यावर काय करायचे ते नंतर, या क्रमाने ती गोष्ट झाली. उद्या कोणी सुवारी वादन (घुमटांचे समूहवादन) किंवा घुमट आरती अशा खुल्या साधनावर बसवायचे ठरवले, तर क्रम उलटा धरावा. आधी वाजवणाऱ्या पथकाकडे जावे, त्यांच्या गावच्या वाजवण्यातले फरक नोंदवावेत, घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचे चर्मवाद्य) आणि कासाळे वेगवेगळे ध्वनिमुद्रित करावेत, म्हणजे चुकल्यावर एकच वाद्य गप्प करण्याची ती जुनी युक्ती इथेही वापरता येईल. पथकाचे नाव गाण्याबरोबर पडद्यावर यावे, मानधन लेखी ठरवावे, आणि करारात ध्वनिमुद्रण खेळात वापरण्याला वर्षांची मुदत घालू नये. पथकाला प्रत्येक विक्रीमागे वाटा मिळत राहावा, पण ज्याने आज ते घेतले त्याच्या टॅब्लेटवरून ते दहा वर्षांनी पुसले जाणार नाही, असे कलम त्यात स्वच्छ मराठीत असावे.